सत्काराला गेलेला टॉवेल

मी टॉवेल. पांढरा, लाल काठाचा. जन्म सोलापूरचा, वस्ती विरार पूर्वेला, चंदनसारला. आत्ता मी संपदा घागच्या मांडीवर आहे आणि तिने मला दोन्ही हातांनी असं गच्च धरलंय की सकाळची इस्त्री केव्हाच मोडली. समोर बॉक्सिंगची रिंग आहे. दिवे लागलेत, पंच आलेत, फक्त प्रमुख पाहुणे यायचेत, म्हणून सगळं खोळंबलंय. तेवढ्या वेळात माझी हकीगत सांगून टाकतो. बोलत राहिलं की भीती जरा कमी होते.

कारण स्वभावाने मी घाबरट. दांडीवर वाळत घातलं तरी चिमटा नीट लागलाय ना, वारा सुटला तर खालच्या गटारात तर जाणार नाही ना, ह्या काळजीत माझं निम्मं आयुष्य गेलं. सोलापूरला मागावर होतो तेव्हा असा नव्हतो. तिथे आम्ही शेकड्यांनी विणले जायचो, एकमेकांना चिकटून गठ्ठ्यात बसायचो आणि कोण कुणाच्या घरी जाणार यावर गप्पा मारायचो. काळजी लागली ती माणसांत आल्यावर.

आपल्याकडे कुणाचाही सत्कार करायचा म्हटलं की टॉवेल, टोपी आणि नारळ लागतो. निवडून आलेला असो, निवृत्त झालेला असो, नाहीतर नवरदेवाचा मामा असो, तिघांशिवाय मान पुरा होत नाही. मी असाच सत्काराला विकत घेतला गेलो. चंदनसारच्या मंडळाचा सेक्रेटरी जयवंत, त्याने मला विरारच्या बाजारातून आणलं आणि जितेंद्र घाग नावाच्या बॉक्सरच्या खांद्यावर टाकलं. जितेंद्र राष्ट्रीय स्पर्धेत कांस्यपदक घेऊन आला होता. टोपी सासऱ्यांना गेली, नारळ त्याच दिवशी आमटीत गेला, मी राहिलो.

जितेंद्र मूळचा खेडकडचा, बंदरात खेळाडू म्हणून नोकरीला. हेवीवेट. दारातून आत येताना खांदे किंचित तिरके करायचा. नाक चपटं झालेलं, भुवयांवर जुन्या टाक्यांच्या रेघा. सकाळी तोंड धुऊन तो माझ्यात तोंड खुपसायचा आणि क्षणभर तसाच उभा राहायचा. माणूस चारचौघांत कसाही हसू दे, तोंड पुसताना टॉवेलाआड जो चेहरा असतो तो फक्त आम्हाला दिसतो. जितेंद्रचा त्या वेळचा चेहरा थकलेला असायचा.

थकणारच. मोठ्या नावाच्या बॉक्सरांना स्वतःची ताकद अजमावायला एक माणूस लागतो, जो भरपूर मार खाईल आणि तरी उभा राहील. जितेंद्र तो माणूस होता. त्याला हरवून लोक पुढे गेले, परदेशी गेले. तो दर वर्षी सेमीफायनलला हरायचा आणि कांस्यपदक घेऊन घरी यायचा. पण एकदाही कुणी त्याला पाठीवर पाडलं नव्हतं.

असाच दुसरा एक माणूस वसईच्या बाजूला होता. कॉन्रॅड घोन्सालविस. रेल्वेत नोकरी, घरची केळीची वाडी, हात असे की ग्लोव्हजच्या नाड्या कधी पुरायच्या नाहीत. त्याचीही तीच कहाणी. सेमीफायनल, कांस्य, घर. तोही कधी पडला नव्हता. गंमत अशी की हे दोघं एवढी वर्षं एकाच वजनात खेळून एकमेकांशी कधी लढलेच नाहीत. ड्रॉमध्ये एक वरच्या बाजूला असायचा, दुसरा खालच्या. फायनलला पोचले असते तर भेटले असते, आणि फायनलला दोघांपैकी कुणी कधी पोचलं नाही.

म्हणून तो प्रश्न जन्माला आला. रविवारी जितेंद्र मला खांद्यावर टाकून भूपेशच्या सलूनमध्ये दाढीला जायचा, तिथे मी तो कितीदा ऐकला. जितूची कॉन्रॅडशी लागली तर?

"तिसऱ्या राऊंडला कॉन्रॅड दमणार," भूपेश वस्तरा हवेत धरून म्हणायचा. "जितूदादा दमत नाय."

"अरे, कॉन्रॅडचा उजवा हात खाल्लाय का कोणी?" बाकावरचा एखादा म्हणायचा. "एक बसला की दमायला माणूस उरला पाहिजे ना."

वाद वाढायचा, एकाची दाढी अर्धी राहायची. जितेंद्र आरशात बघून नुसता हसायचा. मला मात्र त्याच्या मानेवरची शीर फुगलेली लागायची.

आता डोळ्याचं सांगतो. इथून पुढे माझी झोप उडाली.

एका पावसाळ्यात सरावात त्याच्या डाव्या डोळ्याजवळ ठोसा बसला. दुसऱ्या दिवसापासून तो सकाळी एक विचित्र गोष्ट करायला लागला. तोंड पुसून झालं की माझं एक टोक उजव्या डोळ्यावर दाबायचा आणि डाव्या डोळ्याने भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघायचा. मग टोक सोडून परत बघायचा. आधी मला वाटलं, काहीतरी व्यायाम असेल. पण प्रत्येक दिवशी तो कॅलेंडरच्या एक पाऊल जवळ उभा राहायला लागला.

मग तो मुंबईला डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेला. घरी सांगितलं, सरावाला जातो. बॅगेत मी होतो. जिन्यात पडलो, असं त्याने डॉक्टरांना सांगितलं. डॉक्टरांनी त्याच्या चपट्या नाकाकडे पाहिलं आणि काही विचारलं नाही.

"आतल्या पडद्याला चीर पडलीय," ते म्हणाले. "लेझर करून घ्या, लवकरात लवकर. तोवर डोक्याला मार लागता कामा नये. एखादा जोराचा फटका बसला आणि पडदा सुटला, तर ह्या डोळ्याची मी खात्री देणार नाही."

"सुट्टी मिळाली की येतो," जितेंद्र म्हणाला.

तो आला नाही. कारण त्याच आठवड्यात जयवंत घरी आला होता. माघी गणपतीत मंडळाला काहीतरी जंगी करायचं होतं. ऑर्केस्ट्रा सगळेच आणतात.

"जितूदादा, एकदाचं होऊन जाऊ दे," जयवंत म्हणाला. "तू आणि कॉन्रॅड. तीन राऊंड. अख्खा तालुका येईल बघ. कॉन्रॅड हो म्हणालाय."

जितेंद्रने मला हातातल्या हातात पिळलं. मी कोरडा होतो, पिळण्यासारखं काही नव्हतं. "लाव," तो म्हणाला.

मी त्याच्या मुठीत ओरडत होतो. पण टॉवेलाचं कोण ऐकतं?

त्याचे गुरू श्रीपतदादा जवळच्या चांदीप गावचे. फौजेतून बॉक्सिंग शिकून आलेले, घरची भातशेती. त्यांना डोळ्याचं ठाऊक नव्हतं, तरी त्यांनी त्याला अडवून बघितलं.

"कशाला रे आता? वय झालं तुझं. शरीर आता आराम मागतं."

जितेंद्रने हातावरची पट्टी सोडून परत गुंडाळली. मग म्हणाला, "दादा, माझ्या नावाने दुसरं काय आहे? ज्यांच्याकडून मी हरलो त्यांची नावं लोकांना पाठ आहेत. माझं नाव निघतं ते ह्या एका प्रश्नातच. तो सोडवल्याशिवाय मी खेळ सोडला, तर मग मी एवढा मार कशासाठी खाल्ला?"

ह्यावर दादांनी सरावाची वेळ सांगितली. मला त्याचा रागही आला आणि रडूही आलं. रडू आलं तरी टॉवेलाला सोय नसते, आम्ही दुसऱ्याचंच पुसायचं.

आणि घरात दुसरंच एक चाललं होतं. एका डोळ्याने बघणाऱ्याला अंतराचा अंदाज येत नाही. जितेंद्र तांब्यातून पाणी ओतायचा ते पेल्याच्या बाजूला पडायचं. चहाचा कप टेबलाच्या कडेवर ठेवायचा. संपदा काही न बोलता उठायची, मला ओढायची आणि सांडलेलं पुसून टाकायची. पहिल्या वेळी ती "लक्ष कुठंय तुमचं?" म्हणाली होती. नंतर तेही म्हणेनाशी झाली. पुसताना तिची बोटं माझ्यावर थांबायची, आणि मला कळायचं की हिला कळलंय. त्याला वाटत होतं की तिला माहीत नाही. तिला वाटत होतं की आपल्याला कळलंय हे त्याला कळू नये. त्या दोघांच्या मधे दांडीवर मी, दोन्ही बाजूंचं सगळं माहीत असलेला, आणि तोंड नसलेला.

लढतीच्या दिवशी संपदाने मला निरमाने धुतलं, नीळ घातली, इस्त्री केली. नियमच होता की प्रत्येक कोपऱ्यात एक पांढरा टॉवेल हवा. आपल्या माणसाला आणखी मार बसू नये असं कोपऱ्यातल्याला वाटलं, तर त्याने टॉवेल रिंगमध्ये टाकायचा. टॉवेल पडला की लढत थांबते, आणि ज्याचा टॉवेल तो हरला. श्रीपतदादांनी आयुष्यात कधी टॉवेल टाकला नव्हता. घाम पुसायला त्यांच्याकडे चौकडीचा पंचा होता. मला त्यांनी घडी घालून वरच्या दोरावर ठेवलं आणि म्हणाले, "हा नुसता नियमापुरता."

मी त्या दोरावर बसून थरथरत होतो. खरं सांगतो, मला टाकलं जायची भीती वाटत होती आणि न टाकलं जायची त्याहून जास्त.

शाळेच्या मैदानात मुंगी शिरायला जागा नव्हती. वसईहून टेम्पो भरून माणसं आली होती. पहिल्या रांगेत पाहुण्यांसाठी सोफे, त्यांच्यामागे खेळाडूंच्या घरची माणसं. तिथे संपदा बसली होती, मांडीवर तीन वर्षांची ऋतिका. शेजारी कॉन्रॅडची बायको रेजिना, हातात रोझरीची जपमाळ. दोघी एकमेकींना पहिल्यांदाच भेटत होत्या आणि एकमेकींकडे बघायचं टाळत होत्या. मंडळाच्या डॉक्टरांनी दोघा बॉक्सरांची नाडी बघितली, छाती बघितली. डोळ्याचं कुणी विचारलं नाही.

पहिला राऊंड बरा गेला. दोघंही जुने खोंड, एकमेकांना हुंगून बघत होते. जितेंद्र डावीकडे मान वळवून लढत होता, चांगल्या डोळ्याने बघायला. लोकांना वाटलं, नवी स्टाइल आहे. भूपेश तर ओरडत होता, "बघा, बघा, कसा फसवतोय."

घंटा झाली आणि त्याच वेळी मैदानाच्या दाराशी गाड्या आल्या. प्रमुख पाहुणे. दोन तास उशिरा.

आता दुसऱ्या कुठल्या मुलखात राऊंड आणि राऊंडच्या मधे सत्कार झाला असता का, मला सांगा. जयवंतने माईक घेतला. "दोन्ही मुष्टियोद्ध्यांना विनंती, त्यांनी आपापल्या कोपऱ्यात बसून घ्यावं. पाहुण्यांना पुढे तीन कार्यक्रम आहेत. सत्कार आटोपून लगेच लढत सुरू करू."

पंच बिचारे घड्याळ बघत राहिले. एका मिनिटाची विश्रांती लांबत गेली. हार झाले, शाल झाली, पाहुण्यांचे दोन शब्द सुरू झाले ते संपेनात. आणि जयवंतच्या लक्षात आलं की पाहुण्यांबरोबर त्यांचे मेहुणेही आलेत. टोपी होती, नारळ होता, टॉवेल संपले होते. मेहुण्यांना तसंच बसवून ठेवणं म्हणजे पुढच्या वर्षीची वर्गणी गेली. जयवंत रिंगभोवती घाईघाईने फिरत होता, आणि त्याला दोरावर मी दिसलो. पांढरा, कोरडा, इस्त्रीचा.

"दादा, हा जरा नेतो हं. लगेच आणून देतो."

"अरे, तो आमचा..." श्रीपतदादा म्हणेपर्यंत मी मेहुण्यांच्या खांद्यावर होतो. टाळ्या वाजल्या. फोटो निघाला. मेहुणे सोफ्यावर बसले, डोक्यावर टोपी, मांडीवर नारळ, खांद्यावर मी. सत्काराचा टॉवेल कुणी परत मागत नाही. जयवंतनेही मागितला नाही.

दुसरा राऊंड सुरू झाला. एवढा वेळ बसून दोघांची अंगं गार पडली होती. मी मेहुण्यांच्या खांद्यावरून बघत होतो. कॉन्रॅडचा उजवा हात आला. जितेंद्र हललाच नाही. असा उभा राहिला, जसं काही येतच नाहीये. ठोसा बसल्यावर त्याला कळलं. परत आला, परत तसंच. कॉन्रॅड क्षणभर थबकला, त्याने जितेंद्रकडे निरखून बघितलं, आणि मग पुन्हा त्याच बाजूला मारलं. लोक आनंदाने ओरडत होते. माझ्यामागे संपदाचा हात सोफ्याच्या पाठीवर आला होता, बांगड्या लाकडाला लागून वाजत होत्या.

घंटा झाल्यावर जितेंद्र स्टुलावर बसला. श्रीपतदादांनी त्याच्या डाव्या बाजूने पाण्याची बाटली पुढे केली. त्याने घेतली नाही. त्यांनी ती डोळ्यासमोर हलवली. डोळा जागचा हलला नाही. दादांचा चेहरा असा उतरला की मला सोफ्यावरूनही दिसला.

"जितू, दिसत नाय तुला?"

"दिसतंय."

"किती बोटं हायत?"

जितेंद्र उठून उभा राहिला. तिसऱ्या राऊंडची घंटा झाली. दादांचा हात दोरावर गेला. दोर रिकामा होता. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना मी हवा होतो आणि मी मेहुण्यांच्या खांद्यावर मानाने बसलो होतो. ते "थांबवा, थांबवा" ओरडले, पण सगळं मैदान ओरडत होतं. त्यांनी ओला पंचा फेकला, तो दोरालाच अडकून लोंबत राहिला. त्यांनी जयवंतला खुणा केल्या. जयवंतला वाटलं पाणी हवंय, त्याने पाणी पाठवलं.

कॉन्रॅडचा हात परत बसला. जितेंद्रचे गुडघे किंचित वाकले. मी पाहिलंय त्याला, रोज पाहिलंय, त्याचे गुडघे कधी वाकले नव्हते.

संपदाने दादांचा हात रिकाम्या दोरावर चाचपडताना बघितला. मग तिने मेहुण्यांच्या खांद्याकडे बघितलं. लाल काठ तिच्या ओळखीचा होता, सकाळीच इस्त्री फिरवली होती. तिने ऋतिकाला उचललं आणि रेजिनाच्या मांडीवर ठेवलं. रेजिनाने रोझरीसकट त्या पोरीला पोटाशी धरलं. संपदाने मला खस्सकन ओढलं, तसा नारळ घरंगळत पाहुण्यांच्या पायाशी गेला. मेहुणे "अहो, अहो" म्हणेतो ती सोफ्यांमधून रिंगपाशी पोचली, मला गोळा केलं आणि टाकलं.

त्या क्षणाबद्दल काय सांगू? आयुष्यभर दांडीवरून पडायला घाबरलो, आणि आता मी हवेत होतो, दिव्यांच्या उजेडात, सगळ्या तालुक्यासमोर. मी दोघांच्या बरोबर मधे पडलो. कॉन्रॅडचा वर उचललेला हात तसाच थांबला. पंचांनी हात आडवे केले.

मैदान गप्प झालं. त्या शांततेत कॉन्रॅडने खाली वाकून मला दोन्ही ग्लोव्हजमध्ये उचललं, नकळत स्वतःच्या ओठाचं रक्त माझ्यावर पुसलं, आणि मग मला जितेंद्रच्या गळ्यात घातलं. तो डाग अजून आहे, तपकिरी झालाय. पाठीमागून मेहुणे विचारत होते, "माझा टॉवेल मिळेल का?"

जितेंद्रने मला गळ्यातून काढून टाकलं, संपदाने उचलून घरी आणलं. घरी येईपर्यंत तो संपदाशी बोलला नाही. घरी आल्यावर तीच बोलली. "उद्या डोळ्याच्या डॉक्टरांकडे जायचंय. मी येतेय बरोबर."

तेव्हा त्याला कळलं की तिला माहीत होतं. तो भिंतीकडे तोंड करून झोपला.

डोळ्याचं ऑपरेशन झालं. अर्धा डोळा वाचला. कडेचं दिसतं, मधलं धुरकट दिसतं. आणखी थोडा मार बसला असता तर काहीच हाती लागलं नसतं, असं डॉक्टर म्हणाले. पण जितेंद्रला ते नको होतं. बायकोने टॉवेल टाकला, हे त्याच्या मनात काट्यासारखं रुतलं होतं. नोकरीवर जायचा, यायचा, ऋतिकाशी खेळायचा, संपदाशी कामापुरतं बोलायचा. तोंड पुसायला त्याने नॅपकिन आणला. मी दिसलो की मान फिरवायचा. शेवटी संपदाने मला खिडकीच्या फटीत कोंबलं, पावसाचं पाणी आत येऊ नये म्हणून. तिथे मी कितीतरी दिवस भिजत पडलो आणि विचार करत राहिलो की ह्या घराचं आता काय होणार. मला सगळ्यात भीती ह्याची होती की ती दोघं अशीच म्हातारी होतील.

खिडकीखालून जाणाऱ्यांच्या बोलण्यातून कळायचं, भूपेशच्या सलूनमध्ये तर वाद दुप्पट झाला होता. कॉन्रॅड जिंकला, असं वसईचे म्हणायचे. "कसा जिंकला?" भूपेश म्हणायचा. "तो टॉवेल कोपऱ्यातला होता का? तो मेहुण्यांचा होता. सत्कारात दिलेला. मेहुण्यांना टॉवेल टाकायचा काय अधिकार?" म्हणजे लढत पुरी झालीच नाही. म्हणजे प्रश्न तिथेच. जितूची कॉन्रॅडशी लागली तर? जितेंद्रने त्या सलूनला जाणं सोडलं.

मग एका दुपारी कॉन्रॅड घरी आला. हातात केळ्यांची फणी. खुर्चीत मावत नव्हता म्हणून जमिनीवरच बसला.

"डोळा कसा हाय?"

"आहे अर्धा."

कॉन्रॅडने फणी जितेंद्रपुढे सरकवली. "मला कळलं होतं. दुसऱ्या राऊंडला. तुला माजा उजवा हात दिसत नव्हता."

"मग?"

"मग काय. म्हनून तिथंच मारत होतो. मीपन जिंकायलाच आलो होतो ना."

खिडकीत माझं पाणी गोठलं. आता हे दोघं इथेच सुरू होणार, असं मला वाटलं. पण जितेंद्र हसला. लढतीनंतर पहिल्यांदा. "मीपण तेच केलं असतं," तो म्हणाला.

"म्हनून तर सांगायला आलो. आपन दोघं थांबनारे नव्हतो, जितू. पंचाला कळलं नाय, तुज्या दादाकडं टॉवेल नव्हता. रेजिना म्हनते, त्या दिवशी तू वाचलास त्यापेक्षा मी वाचलो. मानसाचा डोळा घेऊन घरी गेलो असतो तर पोरांना काय तोंड दाखवलं असतं? ती रोज रोझरीत तुज्या बायकोचं नाव घेते. मी नाय घेत, पन आयकतो."

तो गेल्यावर जितेंद्र बराच वेळ केळ्यांकडे बघत बसला. मग त्याने हाक मारली. "तो टॉवेल कुठंय?"

संपदाने मला फटीतून काढलं, पिळलं, दिलं. मी काळा पडलो होतो, वास मारत होतो. त्याने माझं टोक उजव्या डोळ्यावर दाबलं आणि डाव्याने कॅलेंडरकडे बघितलं. तारीख दिसली नसावी.

"तुला कधी कळलं?"

"तुम्ही पेल्याच्या बाजूला पाणी ओतायला लागलात तेव्हा."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही कुठे बोललात?"

तो उठला. थोड्या वेळाने तांब्यातून पेल्यात पाणी ओतायला गेला, नेहमीसारखं बाजूला सांडलं. ह्या वेळी त्याने स्वतःच मला घेऊन ते पुसलं. संपदा भिंतीला टेकून बघत होती, आणि रडत होती. मग तिचे डोळे पुसायलाही मीच होतो, वासासकट.

ह्याला आता दहा-बारा वर्षं झाली. श्रीपतदादा चांदीपला शेतावर असतात, गुडघ्यांनी बेजार. चंदनसारला जितेंद्र शिकवतो. त्याने स्वतःचा एक नियम केलाय. त्याच्या शिष्याची लढत असली की टॉवेल तो कोपऱ्यात ठेवत नाही. ज्याची लढत असेल त्याच्या घरच्या माणसाच्या हातात देतो. आई, बहीण, आजोबा, जो आला असेल तो. घरचा माणूस उठून पुढे आला की जितेंद्र त्याच्याकडून टॉवेल घेतो आणि टाकतो, का म्हणून विचारत नाही. लोक हसतात. जितेंद्र म्हणतो, "कोपऱ्यातल्याला लढत दिसते. घरच्याला माणूस दिसतो." मी बऱ्याच आयांच्या हातात बसलोय. प्रत्येक वेळी मी त्यांच्याइतकाच घाबरलेला असतो.

मला आता मधे विरळ पडलंय, एका बाजूला काठ उसवलाय. आम्हाला कोणी टाकलं की लोक त्याला भित्रा म्हणतात. मी भित्रा आहे, म्हणून मला विचारा. टाकणारा हात किती कापतो ते मी आतून पाहिलंय. तुमच्याही घरात कुणाचं पाणी पेल्याबाहेर सांडत असेल, तर पुसून गप्प बसू नका, एवढंच माझं मागणं आहे.

आज लढत ऋतिकाची आहे. ती आता चौदा वर्षांची झाली. कोपऱ्यात जितेंद्र तिच्या ग्लोव्हजच्या नाड्या बांधतोय, मान डावीकडे वळवून, चांगल्या डोळ्याने बघत. जरा पलीकडे कॉन्रॅड आणि रेजिना बसलेत, रेजिनाच्या बोटांतले मणी केव्हाच सुरू झालेत.

पाहुणे आले वाटतं. जयवंत टोपी आणि नारळ घेऊन आमच्याकडेच येतोय, केस पिकले पण घाई तीच.

"वहिनी, पाहुण्यांबरोबर कोणीतरी जास्तीचं आलंय. एक टॉवेल कमी..."

संपदाने नुसतं त्याच्याकडे बघितलं.

"बरं, बरं," जयवंत म्हणाला. "दोन नारळ देतो."

घंटा झाली. ऋतिका उठली. संपदाच्या तळव्यांना घाम फुटलाय, तो मी टिपून घेतोय. आज माझ्या वाट्याला तेवढंच काम येऊ दे.